श्रद्धा, कुटुंब आणि देशप्रेम मुलांच्या हाती कसे सोपवावे : विदर्भातील गावकुटुंबांसाठी

गावातल्या पारावर, लग्नाच्या मांडवात किंवा बाजाराच्या दिवशी एसटीच्या थांब्यावर चार वडीलधारी माणसे एकत्र आली की, हल्लीच्या मुलांना देवाधर्माची, घरच्या माणसांची आणि देशाची चाड राहिली नाही, ही तक्रार हमखास निघते. तक्रारीमागची काळजी खरी आहे आणि ती मलाही आहे. परंतु आजूबाजूची घरे वर्षानुवर्षे पाहून माझे मत असे झाले आहे की, ज्या घरात या गोष्टी मुलांना केवळ सांगितल्या जातात तेथे त्या फार दिवस टिकत नाहीत, आणि ज्या घरात त्या पार पाडण्याच्या कामात मुलाला लहानपणापासून स्वतःचा वाटा मिळतो तेथले मूल पुण्याला नोकरीस गेले तरी त्या सहसा सोडत नाही. शेताच्या वाटणीत आपण गुंठ्या-गुंठ्याचा हिशेब ठेवतो, प्रार्थना, सण, पाहुणचार आणि ग्रामसभा यांतला वाटा मात्र मुलांना द्यायचा राहून जातो. हा वाटा कोणत्या कामात, कोणत्या वयात आणि कसा द्यावा, ते येथे लिहिले आहे.

सायंकाळची प्रार्थना

सुरुवात दिवेलागणीपासून करावी, कारण दिवसभरात घरातली बहुतेक माणसे एका छताखाली येण्याची तेवढीच एक वेळ असते. ती वेळ ठरवताना शेतीचे दिवस डोळ्यांसमोर ठेवावेत. कापसाच्या वेचणीच्या हंगामात घरची बाई अंधार पडता पडता परतते आणि तिच्यापुढे स्वयंपाक असतो, तर हरभऱ्याला पाणी देण्याच्या दिवसांत कृषिपंपाची लाईन रात्रीची असली की घरधन्याला जेवून लगेच शेतात जावे लागते. म्हणून प्रार्थना पंधरा मिनिटांपेक्षा लांबवू नये, हातपाय धुतल्यानंतर आणि चूल पेटण्याआधी ती उरकावी, आणि जो घरी असेल त्याने बसावे. एखादा माणूस आला नाही म्हणून वाट पाहत बसले की वेळ मोडते, आणि एकदा मोडलेली वेळ पुन्हा बसवणे फार जड जाते.

या पद्धतीचा उत्तम नमुना आपल्याच मातीत आहे. अमरावती जिल्ह्यातल्या यावली येथे १९०९ मध्ये जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि विदर्भातल्या गावोगावी सामुदायिक प्रार्थना रुजवली. आजही कितीतरी गावांत ठरलेल्या वेळी माणसे समोर अधिष्ठान, म्हणजे प्रार्थनेचे आसन, ठेवून रांगेत बसतात, श्रीमंत आणि मजूर एकाच सतरंजीवर मांडी घालतात, आणि ठरलेल्या वेळी उठून आपापल्या कामाला लागतात. महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी झाले, आणि दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात गुरुकुंजात त्याच मिनिटाला हजारो माणसे मौन पाळून उभी राहतात. मुलांना एकदा तरी तेथे न्यावे. एवढा मोठा जमाव कोणाच्या दरडावण्यावाचून एका क्षणी स्तब्ध होतो हे पाहिल्यावर शिस्त म्हणजे काय ते त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. ज्या घरी महाराजांनी लिहिलेली ग्रामगीता आहे त्यांनी प्रार्थनेनंतर तिच्यातल्या पाच-सात ओव्या वाचाव्यात. ती ४१ अध्यायांची असल्यामुळे सावकाश वाचूनही वर्षभरात बरीच पुढे सरकते.

आता मुलांचा वाटा. चार-पाच वर्षांच्या मुलाकडे सतरंजी घालण्याचे आणि ती झटकून घडी करून ठेवण्याचे काम द्यावे. त्याहून मोठ्याला वाती वळायला शिकवावे, आणि त्यासाठी दुकानातल्या तयार वातींचे पाकीट आणू नये. घरच्या पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, एक बोंड घ्यावे, बोटांनी चाचपून एकेक सरकी काढावी, मऊ झालेला कापूस तळहातावर पसरून हलकेच ओढावा आणि दुधाचा हात लावून त्याची वात वळावी. पहिल्या दिवशी ती जाड होते, धुरकटते आणि लवकर विझते. आजीने ती तशीच लावू द्यावी. आठवडाभरात मुलाचा हात बसतो. शेतातले बोंड, आपला हात आणि देवापुढचा उजेड यांचा एकमेकांशी असलेला संबंध त्या मुलाला त्या कामातूनच कळतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे आठवड्यातले काही दिवस प्रार्थना सांगण्याची जबाबदारी द्यावी. हे काम मुलगा आणि मुलगी यांनी आळीपाळीने करावे. मुलीने फक्त पणती घासायची आणि मुलाने फक्त पुढे बसायचे, अशी वाटणी केली तर प्रार्थनेतून ते दोघे भलतेच काही शिकतील.

मी येथे हिंदू घराचे उदाहरण घेतले असले तरी ही मांडणी कोणत्याही श्रद्धेच्या घराला लागू पडते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली, त्यानंतर विदर्भातल्या असंख्य बौद्ध घरांत त्रिशरण आणि पंचशील तिसऱ्या-चौथ्या पिढीकडे आले आहे, आणि जेथे ते नातवंडांच्या तोंडून म्हटले जाते तेथेच ते खऱ्या अर्थाने जिवंत आहे. महानुभाव घरातले नामस्मरण, मुसलमान घरातली मगरिबची नमाज, गोंड घरातले पेनपूजन, म्हणजे त्यांच्या देवांची पूजा, यांचेही तसेच आहे. आपल्या मुलाला शेजाऱ्याच्या प्रार्थनेच्या वेळी टीव्हीचा आवाज कमी करायला शिकवावे. ईदला आलेल्या शिरखुर्म्याचे भांडे दिवाळीच्या फराळाने भरून परत पाठवायचे असेल तर ते मुलाच्याच हाती पाठवावे. स्वतःची श्रद्धा पक्की असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या श्रद्धेची भीती वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

झाडू, प्रश्न आणि चाळणी

मोठी होत जाणारी मुले प्रश्न विचारतात, आणि येथे पुष्कळ पालक चिडतात. देव दिसतो का, नवस केला तरी पाऊस का आला नाही, आजोबा रोज पूजा करतात तरी त्यांना लकवा का झाला, असे प्रश्न उद्धटपणाचे नसतात. गाडगे महाराजांची रीत येथे उपयोगी पडते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले हे संत दिवसा गावात शिरले की आधी हातात झाडू घेऊन रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्या कीर्तनात ते लोकांना साधे प्रश्न विचारीत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. पालकांनीही हाच क्रम ठेवावा, म्हणजे प्रार्थनेच्या आधी अंगण आणि घरासमोरची नाली स्वच्छ करण्यात मुलाला सोबत घ्यावे, आणि त्याच्या प्रश्नाला, "तुले काय वाटते?" असे विचारून त्याला बोलते करावे. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे नाही तेथे तसे सांगावे. खोट्या उत्तराने मिळालेली शांतता मूल कॉलेजात जाईपर्यंतच टिकते.

दुसरे असे की, वारशाने आलेली प्रत्येक गोष्ट पुढे द्यायची नसते. गाडगे महाराजांनी आपल्या मुलीच्या बारशाला प्रथेप्रमाणे मटण-दारूचे जेवण न देता गोडाची पंगत घातली, आणि भाऊबंद नाराज झाले तरी ते मागे हटले नाहीत. आपणही आपल्या घरातल्या प्रथा चाळून घ्याव्यात. जी प्रथा पाळण्यासाठी सावकाराकडे किंवा मायक्रोफायनान्सच्या गटाकडे हात पसरावा लागतो, जिच्यात कोणाचा तरी पाणउतारा होतो, किंवा जिच्या नावाखाली दारू वाहते, ती सोडावी. आणि महत्त्वाचे म्हणजे ती का सोडली हे मुलांसमोर उघडपणे सांगावे. सप्ताहाच्या महाप्रसादात एका वस्तीची माणसे शेवटी किंवा बाजूला बसत असतील, तर आपल्या मुलाला घेऊन त्यांच्या पंगतीत जाऊन बसावे. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ मध्ये जो सत्याग्रह उभा राहिला त्यात डॉ. पंजाबराव देशमुख अग्रभागी होते. श्रद्धा आणि अन्यायाविरुद्धचा लढा हे दोन्ही एकाच माणसात नांदू शकतात, हे मुलांना अशा आपल्या भागातल्या माणसांच्या उदाहरणांवरून दाखवता येते.

पोळा : वर्षातली सर्वांत मोठी शाळा

सणांपैकी मी पोळ्यावर सविस्तर लिहितो, कारण श्रद्धा, कुटुंब आणि कष्टाचा मान हे तिन्ही त्यात एकत्र येतात आणि विदर्भाने मुलांसाठी त्याचा स्वतंत्र दिवसही राखून ठेवला आहे.

श्रावणी अमावस्येच्या आदल्या दिवशी बैलांना नाल्यावर किंवा नदीवर धुऊन आणतात आणि सायंकाळी त्यांची खांदशेकणी करतात. लोणी किंवा तूप कोमट करून त्यात हळद कालवायची आणि पळसाच्या पानाने ती बैलाच्या खांद्यावर, जेथे वर्षभर जू घासून कातडे निबर झालेले असते तेथे, हळूहळू चोळायची. हे काम मोठ्यांनी उरकून टाकू नये. पळसाचे पान मुलाच्या हातात द्यावे, त्याचा हात आपल्या हाताने धरून त्या खांद्यावर फिरवावा, आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" हे आमंत्रणाचे बोल त्याच्याच तोंडून म्हणवून घ्यावेत. माझ्या ओळखीच्या एका घरात आजोबा आणि सहा-सात वर्षांचा नातू असेच कोठ्यात उभे होते. नातवाने विचारले, "आबाजी, बैलाले काय समजते आवतन?" आजोबा पान फिरवता फिरवता म्हणाले, "त्याले समजो की नाही समजो बापू, आपल्याले समजलं पायजे. ज्याच्या जिवावर घर चालते त्याले बोलावल्याबिगर आपण जेवाले बसू नये." मुलगा त्यावर काही बोलला नाही, मात्र दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा पहिला घास बैलाला देईपर्यंत त्याने स्वतःच्या ताटाला हात लावला नाही.

पोळ्याच्या दिवशी मुलांकडे सजावटीचे काम असतेच. शिंगांना रंग, बेगड, झूल, बाशिंग यांत त्यांचे मन रमते. त्यासोबत दोन कामे आवर्जून द्यावीत. पहिले म्हणजे एक तरी झडती, म्हणजे पोळ्यात म्हणायचे लोकगीत, पाठ करून तोरणाखाली म्हणणे, कारण झडत्या म्हणणारी माणसे आता गावागणिक दोन-चारच उरली आहेत आणि ती गेली की त्यांच्या झडत्याही जातील. फोनवर त्या ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, पण मुलांनी त्या तोंडाने म्हणण्याचा आग्रह सोडू नये. दुसरे काम मला अधिक महत्त्वाचे वाटते. पोळा फुटल्यावर बैल घरी येतात, घरची बाई त्यांचे पाय धुऊन त्यांना ओवाळते, आणि त्यानंतर सालदाराला, म्हणजे वर्षाच्या करारावर शेतात राबणाऱ्या गड्याला, जेवू घालण्याची व नवे कपडे देण्याची रीत आहे. त्याचे ताट मुलाने वाढावे, त्याला मुलाने वाकून नमस्कार करावा, आणि त्याच्याशी बोलताना "काका" किंवा "दादा" म्हणावे. वडीलच त्याला एकेरी हाका मारत असतील तर ते आधी थांबवावे लागेल.

ट्रॅक्टर आल्यापासून कित्येक घरांत बैलजोडी उरलेली नाही, आणि अशा घरांतली मुले पोळ्याच्या दिवशी मोबाइल घेऊन बसतात. अशा घरांनी मातीचे बैल पुजावेत, पण तेवढ्यावर थांबू नये. ज्या शेजाऱ्याकडे जोडी आहे त्याच्याकडे आदल्या दिवशी मुलाला बैल धुवायला पाठवावे आणि घरच्या पुरणपोळीचा नैवेद्य त्या जोडीला न्यावा. शेजारी कधी नाही म्हणत नाही, उलट त्याला बरेच वाटते.

दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा तर मुलांचाच. नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांनी १८०६ मध्ये त्याची सुरुवात केल्याचे सांगतात. लाकडी बैल बाजारातून महागातला आणून मुलांमध्ये चढाओढ लावण्यापेक्षा घरात पडलेल्या सागाच्या किंवा बाभळीच्या तुकड्यातून वडिलांनी मुलासोबत बसून तो घडवावा. तो ओबडधोबड झाला तरी पुढच्या पिढीपर्यंत सांभाळला जातो. घरोघरी मिळणाऱ्या बोजाऱ्याच्या, म्हणजे ओवाळणीच्या, पैशांतला काही भाग मुलाने स्वतःच्या हाताने गरजू वर्गमित्राच्या वहीसाठी काढून ठेवावा, अशी सवय लावता येते. याच दिवसांत गावात पत्त्यांचे डाव रंगतात आणि दारूची बाटली फिरते, हे आपण सर्व जाणतो. वडील सकाळी बैलाला ओवाळून दुपारी त्या डावात बसले, तर सकाळच्या पूजेचा मुलाच्या मनावर उमटलेला ठसा संध्याकाळपर्यंत पुसला जातो.

भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत मुलींच्या भुलाबाईची गाणी म्हणण्याचे दिवस असतात. त्या गाण्यांत सासुरवासाची वर्णने येतात, तेव्हा आईने आणि आजीने गाणे संपल्यावर मुलींशी त्याबद्दल बोलावे, आणि खिरापत वाटायला घरातल्या मुलांनाही सोबत पाठवावे.

घरातली नाती

कुटुंबाची ओळख मुलाला कागदावरून करून द्यावी, असे म्हटले तर नवल वाटेल, पण सातबारा आणि जुने फेरफार समोर घेऊन बसलेल्या आजोबांभोवती मुले किती वेळ रमतात ते करून पाहावे. या नोंदीत पणजोबांचे नाव आहे, हा धुरा, म्हणजे बांध, तेव्हा पडला, ही विहीर अमुक दुष्काळानंतर खोदली, या शेतातला आंबा पणजीने लावला, असे सांगता सांगता घराचा इतिहास उभा राहतो. दहावीतल्या मुलाला वा मुलीला एक जाड वही द्यावी आणि अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरण्याच्या दिवशी, आजी-आजोबांकडून ऐकलेले त्यात लिहायला सांगावे. वहीत पणजीचे माहेर, तिचे माहेरचे नाव आणि तिने काढलेले कष्टही आले पाहिजेत, कारण आपल्या वंशावळीत बायकांची नावे बहुधा नसतात.

आता जे लिहितो ते काहींना रुचणार नाही. आपण मुलीला लक्ष्मी म्हणतो, नवरात्रात तिचे पाय धुतो, आणि वडील गेल्यावर महिन्याभरात तिला तलाठ्याच्या कार्यालयात किंवा दुय्यम निबंधकाकडे नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतो. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला आहे. बहिणीने स्वखुशीने काही सोडले तर तो तिचा प्रश्न, पण तिला राखी, माहेरपण आणि भाऊबीज तुटण्याची भीती घालून सही घेणे आणि त्याच घरात मुलांना कुटुंबप्रेमाचे धडे देणे, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. वाटणीची बोलणी मुलांसमोर, बहिणींना समान आसनावर बसवून आणि आवाज न चढवता करावीत. धुऱ्याचा वाद असेल तर मोजणी करून घ्यावी, तंटामुक्त समितीकडे जावे, आणि वाद चालू असतानाही त्या भावाच्या मुलांना आपल्या घरी येण्याजाण्यास मनाई करू नये. मोठ्यांनी धुऱ्यावरून अबोला धरला की चुलतभावंडे एकमेकांना परकी होतात, आणि ते अंतर पुढे कोणत्याही मोजणीने कमी होत नाही.

कर्जाबद्दलही लिहिणे भाग आहे. नापिकीच्या वर्षी घरातले ताण मुलांना सांगण्याआधीच कळलेले असतात. त्यांना त्यांच्या वयानुसार खरे सांगावे, यंदा सोयाबीन खराब झाले, म्हणून दिवाळीला नवे कपडे नाहीत, पण शाळेची फी भरली जाईल, इतके साधे आणि स्पष्ट. घराची अडचण घराने मिळून उचलायची असते, हे यातून मुले शिकतात आणि घरधनीही एकटा पडत नाही. घरातला कोणी गप्प राहू लागला, जेवण टाकू लागला, रात्री झोपेनासा झाला, तर त्याला एकटे सोडू नये, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, आणि १४४१६ या टेलिमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर फोन लावून द्यावा. हा फोन विनामूल्य आहे. विदर्भाने आत्महत्यांत फार माणसे गमावली आहेत. या कामाला मी देवपूजेइतकेच पवित्र मानतो.

देश आपल्या शिवारापासून

देशप्रेम शिकवताना आपण मुलांना लांबच्या लढायांच्या गोष्टी सांगतो आणि जवळची तीर्थे दाखवत नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चंद्रपूर जिल्ह्यातले चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातली आष्टी इंग्रज सत्तेविरुद्ध उठली आणि साध्या गावकऱ्यांनी रक्त सांडले. त्याच वर्षी तुकडोजी महाराजांना अटक होऊन नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले, कारण त्यांच्या खंजेरी भजनांनी गावे पेटून उठत होती. अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला समुद्र नव्हता, पण विहिरींना खारे पाणी होते, म्हणून १९३० मध्ये लोकांनी त्या पाण्यापासून मीठ केले. त्याच वर्षी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला. सेवाग्रामला गांधीजी १९३६ मध्ये राहायला आले आणि तेथली त्यांची कुटी आपल्या कुठल्याही साध्या घरासारखी मातीची आहे. वर्षातून एक अशी जागा निवडावी, भाकरी बांधून एसटीने जावे, आणि जाण्याआधी मुलाने त्या जागेची माहिती काढून प्रवासात सर्वांना सांगावी.

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला घरावर तिरंगा लावायचा असेल तर त्याचे नियम मुलांच्या हातून पाळून घ्यावेत. ध्वजाची लांबी आणि उंची यांचे प्रमाण ३:२ असावे, केशरी पट्टा वर असावा, त्यावर काही लिहू नये, तो जमिनीला किंवा पाण्याला लागू देऊ नये. ध्वजसंहितेतल्या २०२१ आणि २०२२ च्या बदलांनंतर यंत्रावर विणलेला आणि पॉलिएस्टरचा ध्वजही चालतो आणि नागरिकांच्या घरी तो रात्रीही फडकत ठेवता येतो, परंतु शक्य असल्यास खादीचाच घ्यावा, असे मी सांगेन, कारण ज्या मुलुखात कापूस पिकतो आणि ज्या मुलुखात सेवाग्राम आहे तेथे ते शोभून दिसते. फाटलेला किंवा विटलेला ध्वज अडगळीत टाकू नये. तो एकांतात, आदरपूर्वक, शक्यतो जाळून पूर्णपणे नष्ट करावा. शाळेतून परतताना रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे उचलून आणण्याचे काम मुले फार मनापासून करतात.

ध्वजवंदनानंतरचे ३६३ दिवस मात्र अधिक अवघड असतात. विजेच्या तारेवर आकडा टाकणारे, ग्रामपंचायतीचा गृहकर थकवणारे आणि निवडणुकीच्या आदल्या रात्री नोट घेऊन मत देणारे घर मुलाला देशभक्ती शिकवू शकत नाही. आकडा काढून मीटर घ्यावे, कर भरल्याची पावती मुलाला दाखवावी, आणि मतासाठी पैसे घेऊन आलेल्या माणसाला दारातून परत पाठवताना मुलगा किंवा मुलगी जवळ उभी असू द्यावी. संविधानाच्या अनुच्छेद ५१ क मध्ये ११ मूलभूत कर्तव्ये आहेत. प्रार्थनेनंतर आठवड्याला एक याप्रमाणे ती वाचून त्यावर बोलावे. त्यांतले अकरावे, २००२ मध्ये जोडलेले, सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देण्याचे आहे आणि ते थेट पालकांनाच लागू आहे. वेचणीच्या दिवसांत मुलीला शाळेतून घरी बसवण्याआधी ते मोठ्याने वाचून पाहावे.

ग्रामसभेला मुलांना सोबत न्यावे. साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या सुमारास ती भरते. मुलांना मत नसले तरी ती बसून ऐकू शकतात आणि घरी आल्यावर काय ठरले ते वहीत उतरवू शकतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड लोकांचे छोटे गाव आहे. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. तेथे निर्णय बहुमताने न घेता सर्वांच्या सहमतीने घेतात, आणि २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत त्याची गणना झाली. आपल्या ग्रामसभेत सरपंच आणि चार पुढारीच बोलत असतील, तर मेंढ्याची माहिती मुलांनी तेथे वाचून दाखवावी, अशी परवानगी मागावी. ती बहुधा मिळते.

गावातला कोणी सैन्यात किंवा निमलष्करी दलात असेल, तर तो सुटीवर आल्यावर मुलांना त्याच्या घरी न्यावे, आणि तो नसताना त्याच्या आईवडिलांच्या शेतातले एखादे डवरणीचे किंवा वेचणीचे काम गावातल्या तरुणांनी मिळून करून द्यावे. हार आणि भाषण त्यानंतर.

मुले गाव सोडून गेल्यावर

बारावीनंतर मुले नागपूर, अमरावती, पुणे गाठतात आणि पालकांना वाटते की सर्व केले ते वाया गेले. येथे घाई करू नये. रोज फोन करून "दिवा लावला का?" अशी हजेरी घेतल्यास मूल खोटे बोलायला शिकते. त्यापेक्षा आठवड्यातला एक वार ठरवून, प्रार्थनेच्या वेळी फोन सतरंजीवर ठेवून, त्याला तिकडून सामील होऊ द्यावे, आणि तो नाही आला तरी प्रार्थना चालू ठेवावी. खोलीवर तो मांसाहार करतो, पूजा करत नाही किंवा वेगळ्या जातीधर्माच्या मित्रांसोबत राहतो, यावरून त्याला बोल लावण्याआधी तो खोटे बोलतो का, कोणाचे पैसे बुडवतो का, आणि आईवडिलांच्या आजारपणात धावून येतो का, हे पाहावे. वर्षातून पोळा किंवा अक्षय्य तृतीया यांपैकी एका सणाला घरी येणे एवढेच त्याच्याकडून मागून घ्यावे, आणि तो आला की पाहुण्यासारखे बसवून न ठेवता त्याचे जुने काम त्याच्या हाती परत द्यावे.

शिकलेल्या मुलांना गावातल्या सार्वजनिक कामातही जबाबदारी द्यावी. हरिनाम सप्ताहाच्या, बुद्धजयंतीच्या किंवा उरुसाच्या वर्गणीचा हिशेब आपल्याकडे बहुतेक गावांत एकाच माणसाच्या खिशातल्या चिठ्ठीवर असतो आणि त्यावरून दरवर्षी कुजबुज होते. पुण्यात बसलेल्या मुलाने तो हिशेब सांभाळावा, जमा आणि खर्च आठवड्याच्या आठवड्याला गावाच्या ग्रुपवर टाकावा, कार्यक्रम संपल्यावर पूर्ण ताळेबंद मंदिराच्या किंवा विहाराच्या फलकावर लावायला सांगावे, आणि उरलेली रक्कम शाळेच्या पाण्याच्या टाकीसाठी द्यायची की पुढच्या वर्षासाठी ठेवायची, हे ग्रामसभेत ठरू द्यावे.